मासळी बाजारातल्या मातीतून प्रोटिएज: वलयापासून हिशेबाच्या तक्त्यापर्यंत

मुंबईतल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पांचे विषय ठरू लागले की एखादा तरी गट ‘मातीतून प्रोटिएज तयार करणारे जिवाणू’ हा विषय घेऊन येतोच. विषय जुना असला तरी वाईट नाही. साहित्य आवाक्यातले असते आणि पहिला निकाल दोन दिवसांत डोळ्यांना दिसतो. अडचण एवढीच, की दुधाळ आगरावर (दूध घालून थिजवलेल्या माध्यमावर) जिवाणूंच्या कॉलनीभोवती पारदर्शक वलय उमटले की काम फत्ते झाले असे समजून पुढची सगळी पाने घाईघाईने भरली जातात. वलय ही नुसती खूण आहे. विकर (एन्झाइम) किती मिळाले, त्याच्यासोबत इतर प्रथिने किती आली आणि शुद्धीकरणात किती वाया गेले, याचा टप्प्याटप्प्याचा हिशेब नसेल तर त्या खुणेवरून काहीही ठरवता येत नाही. म्हणून या लेखात वलयाला कमी आणि हिशेबाला जास्त जागा दिली आहे.

प्रोटिएज म्हणजे प्रथिनांच्या साखळीतले पेप्टाइड बंध तोडणारे विकर. अख्खे प्रथिन जिवाणूला पेशीत ओढून घेता येत नाही, म्हणून तो विकर बाहेर सोडतो, प्रथिनाचे तुकडे करतो आणि मग ते तुकडे आत घेतो. विकर बाहेरच असल्यामुळे ते मिळवायला पेशी फोडाव्या लागत नाहीत, ही आपली मोठी सोय. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर ‘एन्झाइम’ असे छापलेले असते त्यात बहुधा बॅसिलस जिवाणूंचे सबटिलिसिन असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग आणि ओटेसेन यांनी १९४७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याची साखळी सुमारे २७५ अमिनो आम्लांची आणि वस्तुमान सुमारे २७ किलोडाल्टन असते. हा २७ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण डायलिसिसची नळी निवडताना आणि जेल वाचताना तो पुन्हा लागणार आहे.

माती कुठली आणि कशी

जिथे प्रथिने रोज कुजतात तिथे ती पचवणारे जिवाणू मुबलक सापडतात. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्याच्या आसपासची माती, कोळीवाड्यात बोंबील वाळवायच्या बांबूंखालची जमीन, गोठ्याचा उकिरडा, सोसायटीच्या खताच्या खड्ड्यातला तळ, यांतले काहीही चालेल. विकणाऱ्या मावशींना विचारूनच हात घालावा. पहाटेच्या गर्दीत पाटीखालची माती खरवडणारी मुले त्यांना महापालिकेची वाटू शकतात. वरचा थर बाजूला सारून दोन-तीन सेंटीमीटर खालची माती निर्जंतुक चमच्याने घ्यावी, निर्जंतुक पिशवीत बंद करावी आणि पिशवीवर ठिकाण, तारीख व वेळ तिथल्या तिथे लिहावी. लोकलने परतायला तास-दीड तास लागणार असेल तर पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवावी.

प्रयोगशाळेत १ ग्रॅम माती ०.८५ टक्के मिठाच्या १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून जोरात हलवावी आणि ती नळी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे धरावी. या दहा मिनिटांत बीजाणू न करणारे बहुतेक जिवाणू मरतात आणि बॅसिलससारख्यांचे बीजाणू तगतात. मासळी बाजाराच्या मातीसाठी ही पायरी विशेष महत्त्वाची आहे, कारण तिच्यात प्रोटियस हा जिवाणू हमखास असतो आणि तो लाटांसारखा प्लेटभर पसरून बाकीच्या कॉलनी गिळून टाकतो. उष्णतेने मरणारे आणि उष्णतेला पुरून उरणारे यांतला फरक या शहराला नवा नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याला प्लेगची लस तयार केली ती प्लेगचे जंतू वाढवून, मग उष्णतेने मारून. प्लेगचा जंतू बीजाणू करत नाही, म्हणून ते जमले. आपल्या बॅसिलसला मात्र ८० अंश म्हणजे नुसती चाळणी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. या चाळणीतून बॅसिलस सबटिलिससारखे निरुपद्रवी जिवाणू येतात तसा अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सिरिअसही येतो. त्यामुळे मातीतून आलेला प्रत्येक अनोळखी जिवाणू घातक आहे असे धरूनच हातमोजे, ॲप्रन आणि जैवसुरक्षा कपाट वापरावे. हा घरच्या स्वयंपाकघरात करायचा प्रयोग नव्हे.

दुधाळ आगर

केसिन हे दुधातले मुख्य प्रथिन असून गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के तेच असते. त्याचे बारीक पुंजके प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरे दिसते. विकराने पुंजके मोडले की तेवढा भाग पारदर्शक होतो, एवढेच त्या वलयामागचे तत्त्व. पिशवीतले दूध वापरू नये, कारण त्यातली चरबीही प्रकाश विखुरते आणि वलयाची कड धूसर होते. साय काढलेल्या दुधाची भुकटी घ्यावी.

एक लिटर माध्यमासाठी ९०० मिलिलिटर पाण्यात एका लिटरच्या मापाचे न्यूट्रिएंट आगर विरघळवून १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावे. १० ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून ती वेगळ्या फ्लास्कमध्ये ११५ अंशांवर १० मिनिटे ठेवावी. दोन्ही एकत्र शिजवले किंवा दूध जास्त वेळ ठेवले की ते तपकिरी होते, कधी फाटतेही, आणि त्या प्लेटवर वलय वाचता येत नाही. दोन्ही फ्लास्क ५० ते ५५ अंशांपर्यंत निवल्यावर हलक्या हाताने, फेस न आणता एकत्र करावेत आणि प्रत्येक प्लेटमध्ये मोजून २० मिलिलिटर ओतावेत. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेल्या जाड-पातळ प्लेटांवर वलयांची तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो.

मुंबईच्या पावसाळ्यात प्लेटा नीट सुकत नाहीत आणि पृष्ठभागावर पाण्याची तकाकी असली की बॅसिलसही प्रोटियससारखा पसरतो. झाकण किंचित सरकवून प्लेटा कपाटात अर्धा तास सुकवाव्यात आणि नंतर उलट्या करून ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशीचा उपद्रव इतका असतो की शक्य असेल त्यांनी पृथक्करणाचे काम डिसेंबर-जानेवारीतच उरकावे.

तापवलेल्या मिश्रणाचे दहापट-दहापट सौम्यीकरण करून तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नळीतून ०.१ मिलिलिटर पसरावे आणि ३७ अंशांवर २४ ते ४८ तास वाट पाहावी. वलये दिसली की लगेच हुरळून जाऊ नये. काही जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानेही दुधाळपणा बदलतो. संशय असेल त्या कॉलनीचा थोडा अंश आधी दुसऱ्या प्लेटवर काढून घ्यावा आणि मग पहिल्या प्लेटवर १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल ओतावे. न पचलेले केसिन साकळून पांढरेशुभ्र होते आणि खरे वलय काचेसारखे स्वच्छ राहते.

वलयाचा व्यास भागिले कॉलनीचा व्यास हे गुणोत्तर सगळेच काढतात, आपणही काढावे. पण त्यावरून एकच विजेता निवडू नये. आगरातून विकर किती भराभर झिरपते, कॉलनी किती दाट आहे, प्लेट किती तास ठेवली, या सगळ्यांचा त्या गुणोत्तरावर परिणाम होतो. पहिले चार-पाच उमेदवार पुढे न्यावेत. माझ्या अनुभवात द्रव माध्यमात बाजी मारणारा जिवाणू बऱ्याचदा प्लेटवर तिसरा-चौथा आलेला असतो.

ओळख

निवडलेली कॉलनी तीनदा रेघा ओढून शुद्ध करावी. ग्रॅम रंजन (जिवाणूंचे दोन मोठे गट रंगावरून वेगळे करणारी चाचणी) १८ ते २४ तासांच्या ताज्या वाढीवर करावे, कारण जुना बॅसिलस ग्रॅम-ऋण असल्यासारखा गुलाबी दिसतो आणि विद्यार्थी आठवडाभर चुकीच्या पुस्तकात डोके घालतात. बीजाणूंसाठी मॅलाकाइट ग्रीनचे रंजन पुरते. १६एस आरआरएनए जनुकाच्या क्रमावरून प्रजातीपर्यंतचा अंदाज येतो. मात्र सिरिअस गटातल्या जवळच्या भावंडांना ती चाचणी एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. म्हणून रक्तमिश्रित आगरासारख्या इतर चाचण्यांची जोड द्यावी आणि सिरिअस गटाचा संशय उरलाच तर तो उमेदवार सोडून द्यावा. तुलनेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून एक ज्ञात बॅसिलस सबटिलिस मागवून घेतला तर बरे, कारण पुढचे सगळे आकडे कशाशी ताडायचे हा प्रश्न सुटतो. शुद्ध जिवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवावा, आणि एका नळीऐवजी पाच नळ्या ठेवाव्यात.

विकर कधी काढावे

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरच माध्यम घ्यावे, म्हणजे हवा खेळती राहते. रात्रभर वाढवलेल्या संवर्धनाचे १ टक्का विरजण घालून ३७ अंशांवर, मिनिटाला १५० फेऱ्यांच्या शेकरवर ठेवावे. पहिले बारा तास जिवाणू भराभर वाढतो, पण विकर फारसे येत नाही. अन्न सरत आले, वाढ मंदावली आणि बीजाणूंची तयारी सुरू झाली की प्रोटिएजचा पूर येतो. माध्यमात ग्लुकोज भरपूर घातले तर हा पूर लांबतो किंवा ओसरतो. म्हणून ७२ तासांपर्यंत दर सहा तासांनी नमुना काढून वाढ आणि विकराची क्रिया यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढावेत आणि दुसरा आलेख शिखरावर असतानाच काम थांबवावे. उशीर केला तर प्रोटिएज स्वतःलाच खाते. एकदा मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजचे दार शनिवारी दुपारी नीट लागले नव्हते. सोमवारी द्रव दिसायला तसाच सोनेरी होता, क्रिया मात्र निम्म्यावर आली होती.

पेशी वेगळ्या करायला ४ अंशांवर, १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट) इतक्या बलाने १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे. जी आणि फेऱ्या यांची गल्लत करू नये: ८ सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये मिनिटाला १०,००० फेऱ्या म्हणजे सुमारे ८,९०० जी होतात, लहान रोटरमध्ये त्याहून कमी. वरचा स्वच्छ द्रव हाच आपला कच्चा विकर.

क्रिया मोजणे

केसिन ०.६५ टक्के प्रमाणात ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) घालून ८० ते ८५ अंशांवर ढवळत विरघळवावे, उकळू देऊ नये, आणि थंड झाल्यावर सामू ७.५ वर आणावा. ३७ अंशांवर ५ मिलिलिटर केसिनमध्ये १ मिलिलिटर विकर घालून घड्याळ लावावे आणि बरोबर १० मिनिटांनी ११० मिलिमोलर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे ५ मिलिलिटर ओतावेत. न तुटलेले केसिन साकळते, तुटलेले लहान तुकडे विरघळलेले राहतात. अर्ध्या तासाने गाळून, गाळलेल्या द्रवाच्या २ मिलिलिटरमध्ये अर्धा मोलर सोडियम कार्बोनेटचे ५ मिलिलिटर आणि चारपट सौम्य केलेल्या फोलिन अभिकर्मकाचा १ मिलिलिटर घालावा, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवावे आणि ६६० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. हा रंग मुख्यतः तुकड्यांतल्या टायरोसीन या अमिनो आम्लामुळे येतो, म्हणून टायरोसीनच्या ज्ञात द्रावणांचा आलेख त्याच दिवशी, त्याच अभिकर्मकाने काढावा. तुलनेसाठीच्या कोऱ्या नळीत विकर घालायचे नाही असे नसते: तिच्यात आम्ल आधी आणि विकर नंतर घालायचे असते. ही एक गोष्ट चुकली की माध्यमातल्या पेप्टोनचा (आधीच तुटलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांचा) सगळा रंग विकराच्या खात्यावर जमा होतो.

समजा, विकर २० पट सौम्य करून घेतले होते आणि कोऱ्या नळीचे वाचन वजा करून ०.२७ मायक्रोमोल टायरोसीन आले. एकूण द्रव ११ मिलिलिटर होता, त्यातले २ मिलिलिटर वाचले, वेळ १० मिनिटे, विकर १ मिलिलिटर. म्हणजे ०.२७ ला ११ ने गुणून २० ने भागले की सुमारे ०.१५ येतात, आणि सौम्यीकरणाचे २० पट धरले की मूळ द्रवात दर मिलिलिटरला सुमारे ३ एकके (मिनिटाला १ मायक्रोमोल टायरोसीन सोडवणारे विकर म्हणजे एक एकक). वाचन आलेखाच्या सरळ भागाबाहेर गेले तर विकर आणखी सौम्य करून पुन्हा मोजावे. रेघ अंदाजाने पुढे वाढवू नये.

प्रथिन मोजणे, आणि त्यातली मेख

लॉरी यांची १९५१ ची पद्धत आणि ब्रॅडफर्ड यांची १९७६ ची पद्धत या दोन्ही महाविद्यालयांत चालतात, पण त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. लॉरी पद्धतीत माध्यमातले पेप्टोनचे लहान तुकडेही रंग देतात, तर ब्रॅडफर्डचा कूमासी रंग फार लहान पेप्टाइडांना पकडत नाही. त्यामुळे लॉरीने मोजले तर कच्च्या विकरात प्रथिन भरमसाट दिसते, शुद्धीकरणाच्या पहिल्याच पायरीत पेप्टोन निघून जाते आणि विकर अनेक पटींनी शुद्ध झाल्याचा देखावा उभा राहतो. शिवाय अमोनियम सल्फेट लॉरीत लुडबुड करते. या कामासाठी मी ब्रॅडफर्डच्या बाजूने आहे. पाच मिनिटांत ५९५ नॅनोमीटरवर वाचन मिळते. फक्त नमुन्यात एसडीएस किंवा ट्रायटन यांसारखे साबणासारखे पदार्थ असता कामा नयेत. कुठलीही पद्धत घ्या, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच ठेवा.

मिठाने गोळा करणे

अमोनियम सल्फेट पाण्याचे रेणू स्वतःकडे ओढून घेते, प्रथिनांभोवतीचे पाणी कमी पडते आणि ती एकमेकांना चिकटून खाली बसतात. शून्य अंशाच्या आसपास १०० मिलिलिटर द्रवाला २२.६ ग्रॅम घातले की ४० टक्के संपृक्तता येते. तेवढ्यावर बसलेला गाळ सेंट्रिफ्यूजने काढावा, आणि वरच्या द्रवाच्या दर १०० मिलिलिटरला आणखी २५.८ ग्रॅम घालून ८० टक्क्यांपर्यंत न्यावे. पहिला गाळ फेकू नये. आपले विकर त्यात तर गेले नाही ना, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मीठ खलात बारीक करून, बीकर बर्फात ठेवून, चिमूट चिमूट घालत अर्धा तास घ्यावा. ढवळताना फेस आला तर वेग कमी करावा, कारण हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिने उलगडतात.

दुसरा गाळ थोड्याशा बफरमध्ये विरघळवून डायलिसिसच्या नळीत भरावा. १२ ते १४ किलोडाल्टनची नळी घेतली की २७ किलोडाल्टनचे विकर आत राहते आणि मीठ बाहेर पडते. नळी अर्धीच भरावी. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या वहीत लाल शाईने लिहितो, कारण शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी स्वतः ती काठोकाठ भरून गाठ मारली होती. आतल्या मिठाने रात्रभरात पाणी ओढून घेतले, नळी फुगून गाठीशी उसवली आणि सकाळी तीन आठवड्यांचे विकर दोन लिटरच्या बीकरमध्ये पसरलेले होते. शंभरपट बफर, ४ अंश तापमान आणि चार-चार तासांनी तीनदा बदल एवढे पुरते. मीठ गेले की नाही ते पाहायला बाहेरच्या बफरच्या थेंबात आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग बेरियम क्लोराइड घालावे. आम्ल विसरले तर फॉस्फेट बफर स्वतःच पांढरा गाळ देतो आणि माणूस विनाकारण आणखी दोन दिवस बफर बदलत बसतो. बेरियमचे क्षार विषारी आहेत, तो थेंब बेसिनमध्ये ओतू नये.

तक्ता

आता हिशेब. समजा, कच्चा विकर २०० मिलिलिटर होता, दर मिलिलिटरला ३ एकके म्हणजे एकूण ६०० एकके. प्रथिन दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम म्हणजे एकूण ४०० मिलिग्रॅम. विशिष्ट क्रिया मिलिग्रॅममागे १.५ एकके. डायलिसिसनंतर १० मिलिलिटर द्रव उरला, त्यात ४२० एकके आणि ७० मिलिग्रॅम प्रथिन आहे. विशिष्ट क्रिया ६ झाली, म्हणजे शुद्धी चौपट आणि उत्पन्न ७० टक्के. उरलेली १८० एकके कुठे गेली, हा प्रश्न परीक्षकाने विचारायच्या आधी आपण विचारावा: ४० टक्क्यांच्या गाळात, ८० टक्क्यांनंतरच्या वरच्या द्रवात, की स्वतःच्याच पोटात? पहिल्या दोन जागा मोजता येतात, म्हणूनच ते दोन्ही नमुने जपून ठेवायचे. उत्पन्न १०० टक्क्यांच्या वर गेले तरी आनंद मानू नये. बहुतेक वेळा कच्च्या द्रवातला एखादा रोधक (विकराचे काम अडवणारा पदार्थ) निघून गेलेला असतो किंवा सौम्यीकरण लिहायला चुकलेले असते.

हे विकर कोणत्या जातीचे, ते दोन रोधकांनी कळते. पीएमएसएफने क्रिया थांबली तर सेरीन प्रोटिएज, ईडीटीएने थांबली तर धातूवर अवलंबून असलेले. बॅसिलस सबटिलिस दोन्ही प्रकार बाहेर सोडतो, म्हणून अर्धवट उत्तर आले तर गोंधळू नये. पीएमएसएफ पाण्यात तासा-दोन तासांत निकामी होते. ते विषारीही आहे, तेव्हा आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ऐनवेळी घालावे.

जेलवरची रिकामी वाट

एसडीएस जेलवर (प्रथिने वस्तुमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) नमुना चालवला आणि वाट कोरी आली, किंवा तळाशी नुसता धुरकट डाग आला, तर रंग जुना होता असे म्हणून जेल टाकून देऊ नये. एसडीएस घातल्यावर नमुन्यातली बाकीची प्रथिने लगेच उलगडतात, सबटिलिसिन मात्र काही काळ तग धरते, आणि उलगडलेली प्रथिने म्हणजे त्याच्यापुढे वाढलेले ताट. नमुना उकळायच्या आधी पाच मिनिटे बाकावर राहिला तरी त्याचा फडशा पडतो. म्हणून आधी पीएमएसएफ घालावे किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिन साकळून घ्यावे, आणि एसडीएस बफर आधीच उकळत ठेवून नमुना थेट त्यात सोडावा.

हीच खोड झायमोग्राममध्ये (विकराची क्रिया दाखवणाऱ्या जेलमध्ये) उपयोगी पडते. ०.१ टक्के जिलेटिन मिसळून ओतलेल्या जेलवर नमुना न उकळता चालवावा, मग २.५ टक्के ट्रायटनमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा धुऊन एसडीएस काढावे, बफरमध्ये ३७ अंशांवर काही तास ठेवावे आणि कूमासीने रंगवावे. सगळे जेल निळे होते आणि जिथे विकर आहे तिथे स्वच्छ पट्टी उमटते. न उकळलेला नमुना अचूक वस्तुमानाच्या जागी थांबत नाही, त्यामुळे पट्टी २७ च्या थोडी वर-खाली असली तरी चालेल. खरे वस्तुमान उकळलेल्या जेलवरून वाचावे.

आवराआवर

विकर वाळवून भुकटी करायचा मोह टाळावा. धुण्याच्या पावडरीचे कारखाने १९६० च्या दशकात प्रोटिएजची धूळ वापरू लागले तेव्हा तिथल्या कामगारांना दम्याचा त्रास झाला आणि त्यानंतरच दाणेदार, वेष्टन असलेले विकर आले. आपल्याला द्रवरूपात, थोड्या कॅल्शियमसह, लहान नळ्यांमध्ये उणे २० अंशांवर ठेवलेले विकर पुरते. कॅल्शियम सबटिलिसिनला सावरून धरते, पण ते फॉस्फेट बफरमध्ये साकळते, म्हणून साठवणीसाठी ट्रिस बफर घ्यावा.

प्लेटा, फ्लास्क आणि मातीची उरलेली नळी १२१ अंशांवर किमान ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकावीत. ऑटोक्लेव्हमध्ये पिशव्या ठासून भरल्या तर वाफ मध्यापर्यंत पोचत नाही आणि बीजाणू तसेच राहतात. म्हणून मधल्या पिशवीत उष्णतेला चिवट असणाऱ्या जिओबॅसिलसच्या बीजाणूंची चाचणी-पट्टी ठेवून ती दुसऱ्या दिवशी वाढवून पाहावी. ऑटोक्लेव्ह उघडताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण मासळीच्या मातीचा आणि शिजलेल्या दुधाचा वास शेजारच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत जातो आणि मग दिवसभर उत्तरे देत बसावे लागते.